तलाठी कुत्रा आणि मंडपाची फरशी

चि. विठू यास (आणि सन्माननीय अध्यक्ष, वाडी विकास मंडळ, मुंबई, यांसही),

गावाहून काशीरामदादाचा आशीर्वाद. आशीर्वाद विठूला, नमस्कार अध्यक्षांना. दोघेही सध्या एकाच पलंगावर पाय उशीवर ठेवून पडलेले असणार, तेव्हा कोणी काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. गुडघा कसा आहे? नवी वाटी वाकते का? मृणाली सूनबाई म्हणाली की बाबांना आता खाली मांडी घालून बसता येणार नाही. मग शिमग्यात पालखीपुढे तू बसणार कसा? खुर्ची देऊ. देवाची हरकत नसावी, आणि मंडळाची असलीच तर ती तुझ्याकडेच येणार. माझी तब्येत बरी आहे. सकाळी उठतो. आमच्याकडे एवढं सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही.

फोन सोडून हा म्हातारा पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. त्याचं असं आहे, वाडीत रेंज येते ती फक्त देवळाच्या सभामंडपात, तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभं राहिलं तर. आणि त्याच खांबावर आता तुमच्या मंडळाने कॅमेरा बसवला आहे. रितेश म्हणाला, तो नुसता बघत नाही, ऐकतोसुद्धा. (रितेश म्हणजे तुमचा सरचिटणीस. लहानपणी ज्याला मी चड्डी घालायचो तो पोरगा, आता मला ‘काशीरामजी’ म्हणतो.) ज्या खांबाला कान आहेत त्याच्याशी उभं राहून मंडळाच्या अध्यक्षाकडे मंडळाची चुगली कशी करायची? म्हणून वही फाडली आणि बसलो.

रितेशचा निरोप असा की येत्या रविवारी मुंबईत मीटिंग आहे आणि तीत आपल्या तलाठ्याचा निकाल लागणार आहे. शिमग्याच्या आधी त्याला टेम्पोत घालून म्हाप्रळच्या पुलापलीकडे सोडायचं, म्हणजे तो रायगड जिल्ह्यात गेला आणि आपला प्रश्न मिटला. सगळ्यांची संमती झाली आहे, फक्त अध्यक्षांची सही राहिली आहे. ती करण्याआधी तू हे पत्र पुरतं वाचावंस, मध्येच औषधाची वेळ झाली म्हणून ठेवू नयेस, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तू बऱ्याच दिवसांत आला नाहीस, म्हणून आधी तलाठ्याची नीट ओळख करून देतो. तांबूस रंग, उजवा कान फाटका, मालक कोणी नाही. नाव सुंदराआतेने ठेवलं, कारण तो रोज सकाळी खालच्या घरापासून वरच्या घरापर्यंत एकेका अंगणात जाऊन उभा राहतो आणि आपलं येणं घेतल्याशिवाय हलत नाही. (आपला खरा तलाठी चांगला माणूस आहे, पण त्याच्या गळ्यात अनेक गावं आहेत. हा एकट्या आपल्या वाडीला नेमलेला.) उघडी घरं आता हाताच्या बोटांवर आली, बाकी सगळी कुलपं. तर हा दारात आला, कोणीतरी बाहेर येऊन भाकरीचा तुकडा टाकला, की हा पुढच्या घरी. आणि कोणी बाहेर आलंच नाही तर हा तिथेच बसून गळा काढायचा, शेजारचं माणूस ‘काय झाला रं ह्येला’ करत येईपर्यंत. धोंडू तापाने पडला होता तो असाच कळला. मी एकदा साखर उतरून पडवीत आडवा झालो होतो, तेव्हा धोंडूला ह्यानेच आणलं. त्याला हे काम कोणी दिलं नव्हतं. पण तो करायला लागला आणि आम्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या दारात सकाळी डोकावायचं हळूहळू सोडून दिलं. गुडघे तुझेच दुखतात असं नाही, पाखाडीच्या पायऱ्या आमच्याही जिवावर येतात. तलाठी जातोय ना, बघेल तो, असं सगळ्यांचं झालं.

आता शमिकाचं. तो तिला चावला. हे मी स्वच्छ लिहितो, म्हणजे दादाने आपल्या बाजूचं तेवढं सांगितलं असं व्हायला नको. मे महिन्यात तुम्ही आला होतात, मंडपात नवी पांढरी फरशी बसली होती, आणि तुझी नात त्या फरशीवर मोबाईल समोर ठेवून नाचत मागे मागे येत होती. मागे तलाठी झोपला होता. (ती जागा गार असते. आम्हीही दुपारी तिथेच लवंडतो, फक्त आम्हाला अजून कोणी तुडवलेलं नाही.) तिचा पाय त्याच्या पायावर पडला आणि त्याचे दात तिच्या पोटरीत. पोरीची काही चूक नव्हती, आणि झोपलेल्या कुत्र्याचीही म्हणता येणार नाही, पण दात त्याचे होते. तिला घेऊन मंडणगडला इंजेक्शनला गेलो, वळणावळणाला ती ओकत होती आणि मला विचारत होती, ‘आजोबा, मी मरणार का?’ अजूनही ती दिवा लावून झोपते असं वहिनी सांगत होती. ह्यावर मला हसू येत नाही. मी तुझ्या जागी असतो तर त्याच दिवशी काठी घेतली असती. तू काठी घेतली नाहीस, ठराव घेतलास.

तो ठराव मोबाईलवर आला. धोंडूने मोठ्याने वाचला आणि ‘श्वान’ म्हणजे कोण ते आधी कोणाला कळेना. ‘वाडीतील सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे सभामंडप, पालखी टेकवण्याची सहाण, एसटीची शेड, विहिरीचा कठडा व पाखाडी येथे श्वानांना सक्त मज्जाव.’ एवढी ठिकाणं वगळली तर आपल्या वाडीत कुत्र्याने उभं राहायला फक्त हवा उरते. तरी तेही चाललं असतं, कारण मुंबईचे ठराव आम्ही ऐकतो आणि विसरतो, तशी आमची जुनी पद्धत आहे. पण खाली शेवटची ओळ होती. ज्याचा कुत्रा सार्वजनिक जागी दिसेल त्याच्या घरी शिमग्यात पालखी जाणार नाही. विठू, ही ओळ कोणी घातली रे? ज्याने घातली त्याला आम्ही कुठे धरले जातो ते बरोबर ठाऊक होतं. दंड लावला असतात तर आम्ही भांडलो असतो.

मग मंडपात बैठक बसली आणि तलाठी कोणाचा ह्यावर चर्चा झाली. भाकरी सगळ्यांची खाल्लेला, पण त्या दिवशी तो कोणाचाच निघेना. जो तो म्हणे, माझ्याकडे नुसता येतो. मीही तेच म्हणालो. तलाठी मधोमध बसून बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी आते उठली. म्हणाली, ‘माझा हाय. मी बांधतंय त्याला. पन माझ्या दारात पालखी आली पायजेल, सांगून ठेवतंय.’ तुला आतेचं काय सांगायचं? लग्न होऊन गेली आणि पांढऱ्या कपाळाने परत आली, पदरी पोर नाही, वाडीच्या टोकाचं ते दोन खणांचं घर. वर्षातून एकदा पालखी तिच्या अंगणात नाचते, ती ओटी भरते, गाऱ्हाण्यात तिच्या घराचं नाव घेतलं जातं, तेवढ्यावर ती पुढचं वर्ष काढायची. तिने गुराचं जुनं दावं काढलं आणि मागीलदारी, न्हाणीजवळच्या खांबाला तलाठी बांधला. गाठ अशी मारली की बैलानेही नाद सोडावा. तिचं बघून बाकीच्यांनीही आपापली कुत्री बांधली. ज्यांनी जन्मात दोरी बघितली नव्हती ती कुत्री सगळी एकदम भुंकायला लागली आणि थांबेनात. पूर्वी वाडीत कुत्रा भुंकला की माणूस बाहेर येऊन बघायचा. आता सकाळ-संध्याकाळ तोच गोंधळ, मग कोण बघतो? कानावर उपरणं ओढून आम्ही चहा पीत बसायचो.

पुढचं तुला फोनवर कळलं ते एवढंच, की आते न्हाणीत घसरून पडली आणि गेली. तुझं तेव्हाच ऑपरेशन झालेलं, म्हणून कोणी जास्त सांगितलं नाही. मी सांगतो. पडली त्या दिवशी ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर मासेवाला आला, बाणकोटहून मोटारसायकलवर येतो तो. आते दर खेपेला त्याच्याशी भांडायची, ‘बांगडा हाय का सोना रं मेल्या?’ म्हणायची आणि शेवटी सुकटच घ्यायची. त्याने भोंगा वाजवला, शिवी आली नाही. परत वाजवला. मग गाडी लावून तो पाखाडी चढून मागीलदारी गेला आणि तिथून त्याने जी हाक मारली ती सगळ्या वाडीने ऐकली. आमच्या वाडीत इतकी माणसं असून आतेची चौकशी करायला समुद्रावरून माणूस यावा लागला.

मी धोंडूच्या मागोमाग पोचलो. न्हाणीचा कट्टा खांबापासून लांब नाही, पण खुबा मोडलेल्या बाईला ते अंतर किती झालं असेल ते मातीत दिसत होतं. ती सरपटत खांबापर्यंत आली होती. दाव्याची गाठ अर्धी सुटलेली. तिच्या नखांत सुंभाचे तंतू होते, विठू. तिला पक्कं माहीत होतं की कुत्रा सुटला तर तो घरोघर जाईल आणि आम्ही येऊ. पण गाठ तिनेच मारलेली, पालखीसाठी, घट्ट. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बाई बराच वेळ जिवंत होत्या. तलाठ्याच्या मानेला दावं काचून जखम झाली होती, आणि तो तिच्या अंगाला अंग लावून पडला होता. भुंकून भुंकून त्याचा आवाज पार बसला होता. ते भुंकणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. गाठीचं मी आजवर कोणाला बोललो नाही, मंडळालाही नाही. तू तिचा भाचा आहेस म्हणून लिहितो, आणि लिहिताना मला फार राग येतो आहे, तो कोणाकोणावर आहे ते मी अजून ठरवलेलं नाही.

मुंबईच्या गाड्या येईपर्यंत आतेला ठेवली. (आपल्याकडे मेलेल्या माणसालाही मुंबईकरांची वाट बघावी लागते.) मग तिरडी निघाली आणि तलाठी मागून निघाला. पाखाडीच्या पहिल्याच पायरीवर रितेश मला हळूच म्हणाला, ‘काशीरामजी, पाखाडी ठरावात आहे.’ खांदा देताना माझा हात रिकामा नव्हता हे त्याचं नशीब. नदीवरून परत आलो तशी मंडपात शोकसभा लावलेली, बॅनरसकट. रितेशने भाषण केलं, आते वाडीचा आधारवड होती वगैरे, आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगून मान खाली घातली. आम्हीही घातली. तेवढ्यात तलाठी आला. उंबऱ्याशी थांबला, सगळीकडे बघून घेतलं, आणि नव्या फरशीवरून नखं वाजवत सरळ मधे येऊन, आते बसायची त्या खांबापाशी अंग टाकलं. आता शांतता मोडून त्याला हाकलणार कोण? रितेशने डोळे मोठे केले. मग हाताने खुणा केल्या. मग चपलेकडे बघितलं, पण चप्पल मंडपाबाहेर. खजिनदाराने खोकून बघितलं. तलाठ्याने एक जांभई दिली. दोन मिनिटं कधीच होऊन गेली असतील, पण शांतता संपवायची म्हणजे कुत्र्यावर ओरडत संपवायची, हे त्या मुंबईच्या पोरांनाही लाजेचं वाटलं असावं. ती आतेची शोकसभा आपल्या वाडीतली सर्वांत लांब शांत सभा झाली. मला एकट्याला हसू आलं आणि लगेच रडू आलं, तर लोकांना वाटलं आधीपासूनच रडतोय.

त्याच सभेत ठरलं की पुन्हा असं होऊ नये म्हणून कॅमेरा बसवायचा. मला वाटलं घराघरात बसवतील. बसवला मंडपात. मंडपात कोणी मरत नाही रे, मंडपापर्यंत चालत आलेला माणूस चांगला ठणठणीत असतो. आता तुम्ही सगळे मुंबईत बसून मोबाईलवर फरशी बघता. आणि त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी धोंडू देवाला हात जोडून उभा, तलाठी फरशीवर झोपलेला, आणि खांबातून एकदम आवाज आला, ‘हाड! ए हाड!’ धोंडूने गुडघे टेकले. म्हणाला, ‘देवा, माझा काय चुकला?’ तो रितेश होता, बोरिवलीहून. तलाठ्याने खांबाकडे बघून शेपूट हलवलं. आता तो रोज त्या वेळी खांबासमोर जाऊन बसतो, आवाज आला नाही तर त्याला चुकल्यासारखं होतं. पालखीचं म्हणशील तर आम्ही सगळ्यांनी मिळून सांगून टाकलं आहे की तो आमच्या सगळ्यांचा. आता काय करता, एकाही घरी पालखी नेणार नाही? मग खांद्यावर घेऊन नाचवा मुंबईत.

मी असं म्हणत नाही की कुत्र्यांना सगळीकडे मोकळं रान द्या. एसटीच्या शेडमध्ये उपरे कुत्रे जमतात, त्यांना मीच काठी दाखवतो. मे महिन्यात आणि गणपतीत, पोरंबाळं आली की, मी तलाठ्याला माझ्या पडवीत बांधीन आणि स्वतः त्याच्या शेजारी बसेन. गाठ सैल मारीन. बाकी वर्षभर त्या मंडपात आम्ही असतो आणि तो असतो, तेव्हा तिथे कोणी बसायचं हे आम्हाला ठरवू द्या. सही करायच्या आधी एवढा विचार कर.

वहिनीला नमस्कार. शमिकाला सांग, ह्या आजोबाला तिची फार आठवण येते. ती येईल तेव्हा तलाठ्याला मी दोन्ही हातांनी धरीन आणि ती त्याच्यावर एकदा मनसोक्त ओरडू शकेल. मुंबईहून ओरडण्यात ती मजा नाही, हे तिने रितेशलाही सांगावं.

तुझा,
काशीरामदादा

ता. क. सुकट मागितली होतीस ती पाठवत नाही. तो मासेवाला त्या दिवसापासून आपल्या वाडीचं वळण घेत नाही, खालच्या रस्त्यानेच पुढे जातो.

ता. क. दुसरा. आता खरं लिहितो. मला कुत्रे आवडत नाहीत. तुझी चिमावहिनी होती तेव्हा मी अंगणात कुत्रा येऊ दिला नाही, तिने किती सांगितलं तरी. आताही तलाठ्याच्या अंगाला मी हात लावत नाही, पिसवा आहेत. पण भाकरी मी आता अंगणात टाकत नाही, पडवीत अगदी आतल्या दाराशी ठेवतो, म्हणजे त्याला आत येऊन मला बघावंच लागतं. सकाळी कडी काढतो, तो पायरीवर असतो. मी म्हणतो, ‘आहे रे बाबा.’ मग तो भाकरी घेऊन पुढच्या घरी जातो. लेक नम्रता लांब नाटे गावी दिली, तिचा फोन येतो तेव्हा मी खांबापाशी असेन तरच लागतो. तर माझी मागणी एवढीच. सगळ्या घरांची फेरी झाली की तलाठी मंडपात येऊन कॅमेऱ्यासमोर, तुझ्या वडिलांचं नाव कोरलेल्या फरशीवर झोपतो. तुम्ही मुंबईत सारखे मोबाईल बघताच. त्यात कुत्रा दिसला म्हणून रागावू नका. तो दिसला म्हणजे वाडीतली सगळी दारं उघडली. ज्या दिवशी तो दिसणार नाही त्या दिवशी कॅमेऱ्यातून धोंडूला हाक मार आणि सांग, तलाठी कोणाच्या दारात बसलाय ते बघ. माझ्याच असेल तर दार फोडा.

ता. क. तिसरा. मात्र मी मंडणगडच्या बाजाराला जातो तेव्हा तलाठी शेडपर्यंत सोडायला येतो आणि गाडी परत येईतो तिथेच बसतो. तेव्हाही तो फरशीवर दिसणार नाही. म्हणून एकदम दार फोडू नका, कडी नवीन आहे. आधी नुसती हाक मारायला सांग. असलो तर ओ देईन.